मोहल्ल्यातील बाग : पैसा कुठून येतो आणि जागा कुठे जाते?

आपल्या वस्त्यांतील मुले कुठे खेळतात? हा प्रश्न कोणत्याही घरात विचारा, उत्तर साधारण एकच मिळते. गल्लीत, दोन मोटारसायकलींच्या मध्ये. रमजानमध्ये तरावीहनंतर मस्जिदीसमोरच्या रस्त्यावर. सुट्टीच्या दिवशी शाळेचे फाटक उघडे सापडले तर तिथे, नाही तर कब्रस्तानच्या भिंतीलगतच्या पट्टीवर. घरातील बायकांच्या वाट्याला तेवढेही येत नाही. शुगरच्या रुग्णाला डॉक्टर रोज अर्धा तास चालायला सांगतात. कुठे चालायचे, ते चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

बागेचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, "नगरपालिकेकडे पैसाच नाही." दुसरे, "आपल्या भागात कोण बाग देणार?" दुसऱ्या वाक्यामागचा अनुभव आम्ही नाकारत नाही. पण पहिले वाक्य अर्धेच खरे आहे. बागेसाठी सरकारी पैसा येतो, आणि तो एका नव्हे, अनेक वाटांनी येतो. आपले नुकसान होते ते त्याच्या आधीच्या टप्प्यावर. पैसा येईपर्यंत जागा उरलेली नसते. म्हणून या लेखात आम्ही दोन्ही हिशेब एकत्र मांडत आहोत : पैशाचा आणि जागेचा.

दीड मुसल्ल्याची जागा

केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी. मुंबईत ती माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास असल्याचे सांगितले जाते. आकडा डोळ्यांसमोर येत नसेल तर घरातला मुसल्ला अंथरून पाहा. एक मुसल्ला आणि वर अर्धा, एवढीच ती जागा. त्यात खेळणे आले, चालणे आले, आजोबांचे सकाळी उन्हात बसणेही आले. आणि हा सरासरीचा आकडा आहे. शहरातली मोठी मैदाने ज्यांच्या दारात आहेत त्यांचा वाटा मोठा, दाट वस्तीतल्या माणसाचा वाटा जवळजवळ शून्य.

कायद्यात बाग कुठे बसते?

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९२ मध्ये बारावी अनुसूची जोडली. शहरांच्या स्वराज्य संस्थांकडे सोपवायच्या १८ विषयांची ती यादी आहे. त्यात उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे बाग हे कुणा नेत्याने वाढदिवसाला द्यायचे बक्षीस नाही, ते नगरपालिकेचे काम आहे.

परंतु महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात महापालिकेच्या कामांचे दोन भाग केले आहेत. पाणी, गटार, सफाई, दिवाबत्ती ही अनिवार्य कामे. बागा आणि क्रीडांगणे मात्र ऐच्छिक कामांत, म्हणजे ऐपतीप्रमाणे करायच्या कामांत मोडतात. घरखर्चाचे गणित सांभाळणाऱ्या कोणत्याही गृहिणीला याचा अर्थ लगेच कळेल. महिनाअखेरीला हात आखडला की आधी काय कापले जाते? जे 'नंतर बघू' या खात्यात असते तेच. पालिकेतही तसेच होते. त्यामुळे बागेचा पैसा बहुतेक वेळा पालिकेच्या तिजोरीतून नव्हे, वरून येणाऱ्या अनुदानातून येतो.

पैशाच्या वाटा

पहिली वाट अमृत योजनेची. २५ जून २०१५ रोजी केंद्राने ही योजना ५०० शहरांसाठी सुरू केली. महाराष्ट्रातील चाळीसहून अधिक शहरे तिच्यात होती. भिवंडी, मालेगाव, नांदेड, परभणी ही त्यांपैकीच. योजनेचा मुख्य भर पाणी आणि सांडपाण्यावर होता, पण आराखड्याच्या अडीच टक्क्यांपर्यंत रक्कम हिरवळ आणि बागांसाठी वापरता येत होती. शंभर रुपयांतले अडीच रुपये. रक्कम लहान दिसते, पण पाणीयोजना शेकडो कोटींच्या असतात. १० लाखांपर्यंत लोकसंख्येच्या शहराला खर्चाचा अर्धा आणि त्याहून मोठ्या शहराला एक तृतीयांश हिस्सा केंद्र देत असे. तोही एकदम नाही, २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत. आधीचे काम दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. शहराने दरवर्षी निदान एक बालोद्यान तयार करावे आणि बागांची देखभाल रहिवाशांना सोबत घेऊन करावी, अशीही अपेक्षा योजनेत लिहिलेली होती. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेला दुसरा टप्पा सर्वच शहरांसाठी आहे. त्यात तलावांचे पुनरुज्जीवन आणि बागा यांना स्थान आहे.

दुसरी वाट नगर वन योजनेची. धरण, खाण, महामार्ग यांसाठी वनजमीन घेतली की घेणाऱ्याला भरपाईची रक्कम भरावी लागते. वर्षानुवर्षे साठलेल्या या पैशासाठी २०१६ मध्ये कायदा झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम राज्यांकडे सोपवली. याच निधीच्या केंद्राकडील भागातून शहरांलगत वने उभी करण्याची योजना ५ जून २०२० रोजी जाहीर झाली. तिचा नमुना म्हणून पुण्याजवळच्या वारजे येथील वनखात्याच्या टेकडीचे नाव घेतले गेले. एकेकाळची उजाड टेकडी लोकांच्या मदतीने झाडांनी भरली आणि आज लोक तिथे पायवाटेने फिरायला जातात. या योजनेत हेक्टरी ४ लाख रुपये मिळतात. कुंपण, रोपे, पाणी आणि पायवाट यांची सुरुवात त्यातून होऊ शकते.

तिसरी वाट जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती दरवर्षी निधी वाटते. नगरोत्थान योजनेतून नगरपरिषदांना नागरी सोयींसाठी पैसा मिळतो, त्यात बागाही येतात. खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी असतो, राज्यातील आमदारालाही आता तेवढाच. मात्र खासदार निधीच्या नियमानुसार प्रार्थनास्थळाच्या आत किंवा धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जमिनीवर हा पैसा खर्च करता येत नाही. त्यामुळे मस्जिदीच्या आवारात बाग करून द्या, अशी मागणी घेऊन गेलेल्यांना हात हलवत परत यावे लागते. जागा सार्वजनिकच हवी.

चौथी वाट अल्पसंख्याकबहुल भागांसाठीच्या प्रधानमंत्री जनविकास कार्यक्रमाची. २००८ मध्ये सुरू झालेल्या बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रमाला २०१८ मध्ये हे नाव मिळाले. त्याचा मोठा हिस्सा शिक्षण, आरोग्य आणि कौशल्यासाठी आहे. ही बागांची योजना नव्हे. परंतु खेळाच्या सोयी तिच्यात बसतात, आणि प्रस्ताव जिल्हा पातळीवरील समितीकडून वर जातो.

या चारही वाटांत एक गोष्ट समान आहे. कोणीही बागेसाठी जागा विकत घेऊन देत नाही. सगळे एकच विचारतात : जागा कुठे आहे आणि कोणाच्या नावावर आहे?

हिरवा ठिपका कसा पुसला जातो

प्रत्येक शहराचा एक विकास आराखडा असतो. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली तो साधारण २० वर्षांसाठी तयार होतो. त्यात शाळा, दवाखाना, बाजार, बाग यांसाठी जागा आरक्षित केल्या जातात. बागेची आरक्षणे नकाशावर हिरव्या रंगात दिसतात. आपल्या मोहल्ल्याच्या नकाशावरही एखादा हिरवा ठिपका असण्याची शक्यता आहे.

ठिपका असला म्हणजे बाग झाली असे मात्र नाही. जमीन बहुधा खासगी मालकाची असते. पालिकेने ती ताब्यात घ्यायला हवी. त्यासाठी तीन मार्ग आहेत : समजुतीने पैसे देऊन, पैशाऐवजी वाढीव बांधकामाचा हक्क म्हणजे टीडीआर देऊन, किंवा भूसंपादन करून. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी भागात मोबदला बाजारभावाच्या जवळपास दुप्पट होतो. पालिका तिथेच थबकते.

आणि घड्याळ चालू असते. याच अधिनियमाच्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक पालिकेला नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होते. मालक त्या जागेवर शेजारच्या जमिनीप्रमाणे बांधकाम करू शकतो. यात मालकाचा दोष नाही. कोणाची जमीन किती वर्षे अडकवून ठेवायची, याला मर्यादा हवीच. दोष आहे तो नोटीस टेबलावर पडलेली असताना गप्प बसणाऱ्यांचा. ती नोटीस आल्याचे मोहल्ल्यात कोणाला कळतही नाही. पुढे पाया खोदला जातो तेव्हा लोक म्हणतात, "इथे तर बाग होणार होती ना?"

म्हणून आमचे म्हणणे असे की बागेची खरी लढाई उद्घाटनाच्या नारळाशी नसते. ती या १० वर्षे आणि २४ महिन्यांच्या मुदतीत असते.

दूरच्या देशातील एक अट

जागा मिळाली, अनुदानही मिळाले, तरी ती जागा बागच राहील याची हमी काय? या प्रश्नाचे एक चांगले उत्तर अमेरिकेतील कायद्यात सापडते, म्हणून त्याचा थोडक्यात परिचय करून देत आहोत.

१९६४ मध्ये अमेरिकी संसदेने भूमी आणि जल संवर्धन निधीचा कायदा केला आणि १ जानेवारी १९६५ पासून तो लागू झाला. समुद्रातून तेल आणि वायू काढणाऱ्या कंपन्यांकडून सरकारला जे उत्पन्न मिळते, त्यातला काही भाग या निधीत जातो. जमिनीखालची संपत्ती एकदा काढली की संपते, तेव्हा तिच्या बदल्यात टिकणारी काहीतरी संपत्ती लोकांना द्यावी, हा त्यामागचा विचार. या पैशातून गावे आणि शहरे मैदाने, बागा, पायवाटा, नदीकाठ यांसाठी अनुदान मागतात. अट अशी की खर्चाचा निदान अर्धा भाग गावाने स्वतः उभा करायचा. शिवाय आधी खर्च करायचा आणि मग हिशेब दाखवून परतावा घ्यायचा.

सर्वांत महत्त्वाची अट वेगळीच आहे. ज्या जागेवर या निधीचा पैसा लागला, ती जागा कायमची सार्वजनिक बाग किंवा मैदान राहते. पुढच्या महापौराला तिथे वाहनतळ करायचा असेल तर केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि तेवढ्याच किमतीची व तेवढ्याच उपयोगाची दुसरी जागा बागेसाठी द्यावी लागते. म्हणजे अनुदान थोडे मिळाले तरी संपूर्ण जागेला कुलूप लागते.

तिथेही सगळे आलबेल नव्हते. निधीत वर्षाला ९० कोटी डॉलर जमा व्हायला हवे होते, पण संसद बहुतेक वर्षी त्यातला बराच पैसा दुसरीकडे वळवत राहिली. अखेर ऑगस्ट २०२० मध्ये कायदा होऊन ही पूर्ण रक्कम दरवर्षी मिळण्याची कायमची तरतूद झाली. म्हणजे पैसा वळवला जाण्याचा रोग तिथेही होता. जागेला लावलेले कुलूप मात्र त्या साऱ्या वर्षांत टिकून राहिले.

ही अट वाचताना आपल्या वाचकांना एक ओळखीचा शब्द आठवला असेल : वक्फ. वस्तू कायम राखायची आणि तिचा लाभ लोकांना द्यायचा. विहीर, सराई, मदरसा यांसाठी जागा देणाऱ्या आपल्या पूर्वजांनी हीच अट घातली होती. ती अट कागदावर किती पक्की असते आणि प्रत्यक्षात राखणारे नसले तर ती कशी मोडते, हेही आपल्या समाजाने पाहिले आहे. बागेच्या बाबतीत तोच धडा लागू आहे. अट लिहिणारे हवेत, आणि ती पाळली जाते का ते पाहणारेही हवेत.

भारतीय न्यायालयांनीही या दिशेने निवाडे दिले आहेत. बंगळूरमध्ये बागेसाठी राखलेली जागा एका खासगी ट्रस्टला रुग्णालयासाठी दिली गेली होती. रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. रुग्णालय चांगले काम असले तरी सर्वांच्या बागेची जागा खासगी संस्थेला देता येत नाही, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क त्या भागातील रहिवाशांना आहे, हा त्या निवाड्याचा आशय आहे.

कचऱ्याच्या ढिगावर जंगल

दाट वस्तीत हे जमते का, असे कोणी विचारले तर आम्ही धारावीकडे बोट दाखवू. धारावीलगत, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांच्या या जागेवर पूर्वी शहराचा कचरा टाकला जात असे. १९८३ मध्ये पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते तिथे पहिले झाड लावले गेले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सार्वजनिक पैशातून ते उभे केले आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. पहिल्या झाडापासून फाटक उघडेपर्यंत ११ वर्षे गेली. पाचवीत असलेल्या मुलाचे कॉलेज संपायची वेळ आली असेल. बाग मागणाऱ्यांनी हा काळ लक्षात ठेवावा. मात्र आज तिथे दाट सावली आहे, फुलपाखरे आहेत, आणि शाळांच्या सहली येतात.

आपल्याच हातून

एक कडू गोष्टही सांगायला हवी. बागेच्या जागा केवळ बिल्डर खातो असे नाही. मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडण्याचा नियम आहे. ती जागा सर्व रहिवाशांची असते. तिथे हळूहळू कोणाची गाडी लागते, मग पत्र्याची शेड येते, मग कार्यालय, मग सभामंडप. कधी शादीखाना, कधी एखादे प्रार्थनास्थळ. सर्वच धर्मांच्या वस्त्यांत हे घडते, आपलाही अपवाद नाही. सार्वजनिक बागांत आणि रस्त्यांवर विनापरवाना प्रार्थनास्थळे उभारू देऊ नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे. ज्या जागेवर शेजारच्या मुलांचा हक्क आहे ती न विचारता घेणे हे दीनच्या दृष्टीनेही हक मारणेच आहे. मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे, ती आपल्याकडे अमानत आहे.

दुसरी चूक पैसा खर्च करताना होते. अनुदानातून कमान, कारंजे, फरशा आणि नामफलक होतात. दोन वर्षांत कारंजे बंद पडते, कारण अनुदान बांधणीसाठी असते, माळ्याच्या पगारासाठी नसते. म्हणून बाग मागताना पहिल्याच अर्जात विचारावे : पाणी कुठून येणार, माळी कोण, दिवे कोण लावणार, आणि त्याची तरतूद कोणत्या खात्यात आहे?

काय करता येईल?

पहिले काम, नकाशा पाहणे. पालिकेच्या नगररचना विभागात विकास आराखडा पाहायला मिळतो. आपल्या भागात बाग किंवा क्रीडांगणाचे आरक्षण कोणत्या सर्व्हे नंबरवर आहे, ते लिहून घ्यावे.

दुसरे काम, माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज. त्यात चार प्रश्न पुरेत : आराखडा कधी अमलात आला, जमीन ताब्यात आली का, मालकाने कलम १२७ ची नोटीस दिली आहे का, आणि संपादनासाठी अंदाजपत्रकात किती रक्कम आहे. ३० दिवसांत उत्तर यायला हवे.

तिसरे काम, वेळ साधणे. पालिकेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि अंदाजपत्रक हिवाळ्यातच आकार घेते. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवण्याची पद्धत सुरू केली. इतर ठिकाणी अशी सोय नसली तरी दिवाळीच्या सुमारास लेखी मागणी देऊन पोच घेता येते. फेब्रुवारीत दिलेला अर्ज पुढच्या वर्षावर जातो. नवा आराखडा प्रसिद्ध झाला तर सूचना आणि हरकतींची मुदत चुकवू नये. एका माणसाच्या हरकतीपेक्षा पन्नास घरांच्या पन्नास वेगळ्या हरकतींना वजन येते.

चौथे काम, बायकांना विचारणे. बाग कशी हवी हे ठरवणाऱ्या बैठकीत बहुधा पुरुषच असतात. बायका विचारतील ते प्रश्न साधे असतात. संध्याकाळी दिवे असतील का? स्वच्छतागृह असेल का? चालण्याची वाट बाहेरून दिसेल अशी असेल की आडोशात? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर बाग वापरात येते, नाही तर ती पत्ते खेळणाऱ्यांची होते.

हे सगळे करायला मोठी संघटना लागत नाही. नकाशा वाचू शकणारी कॉलेजची मुलगी, अर्ज लिहिणारे एखादे निवृत्त गुरुजी आणि पालिकेत दोन-चार खेपा घालायला तयार असलेला एखादा दुकानदार, एवढी माणसे प्रत्येक मोहल्ल्यात असतात. येत्या जुम्याच्या नमाजनंतर किंवा घरी जेवताना एवढेच विचारून पाहावे : आपल्या भागातील हिरवा ठिपका कुठे आहे, आणि त्याच्या १० वर्षांपैकी किती शिल्लक आहेत?